कसाऱ्याच्या वाटेवरील गाड्या आणि त्यांतील ध्वनिदोष : एक आढावा

कसारा हे मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांचे या बाजूचे अखेरचे स्थानक होय. लोहमार्ग १८६१ साली येथवर आला, १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस पोचला, आणि ३७ फुटांत १ फूट अशा त्या चढणीवर जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावण्याचा क्रम तेथे रूढ झाला. परंतु लोकलने येऊन नाशिकास जाऊ इच्छिणारा उतारू पुढच्या आगगाडीची वाट पाहत क्वचितच थांबतो, तो स्थानकाबाहेर येतो आणि तेथे उभ्या असलेल्या टॅक्सीत अगर जीपगाडीत जागा धरतो. खर्डी, आटगाव, डोळखांब, किन्हवली, विहीगाव, खोडाळा, आणि तिकडे मुरबाड तालुक्यात टोकावड्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत, खेड्यापाड्यांची रहदारी बऱ्याच अंशी अशाच भाड्याच्या गाड्यांवर चालते. पहाटे घराबाहेर पडलेला चालक रात्री परततो, आणि मधल्या साऱ्या वेळात त्याला सोबत असते ती गाडीतल्या टेपची. कॅसेट गेली, सीडी गेली, आता मोबाइलशी बिनतारी जोडला जाणारा पडद्याचा सेट आला. पण कंपनीतून आलेला साधा सेट काढून बाजारातला नवा बसवून घ्यावा ही हौस कायम आहे, आणि तो बसविल्यानंतर दोनचार दिवसांतच आवाज खरखरतो, शिट्टी मारतो, मध्येच बंद पडतो, ही फिर्यादही तितकीच कायम आहे.

या फिर्यादीचा इतिहास मोटारीतील रेडिओइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटोरोला या नावाने गाडीत बसविण्याचा रेडिओ बाजारात आणला आणि १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला पहिला संच तयार केला. त्या काळच्या कारागिरांपुढे मुख्य अडचण अशी की, इंजिनाच्या प्लगमध्ये उडणारी प्रत्येक ठिणगी ही स्वतःच एक छोटे प्रक्षेपण केंद्र असते आणि रेडिओ ते प्रक्षेपण इमानेइतबारे ऐकवितो. म्हणून प्लगच्या तारांना रोधक जोडणे, डायनामोवर संधारक बसविणे, संच जाड पत्र्याच्या पेटीत बंद करणे, असे उपाय तेव्हाच निघाले. आपल्याकडे रेडिओ बाळगण्यास टपाल कचेरीतून परवाना काढावा लागण्याचा जो जमाना होता, त्यात मोटारीतला रेडिओ ही श्रीमंतांची चैन होती आणि तो बसविणारे कारागीर मुंबईतल्या मोजक्या दुकानांत असत. आज हे काम शहापूरच्या आणि महामार्गाच्या कडेच्या गॅरेजांत तासाभरात होते. काम सोपे झाले, वस्तू स्वस्त झाली, ही इष्टापत्तीच आहे. मात्र ठिणगीचे, अर्थिंगचे आणि सांध्यांचे जे नियम १९३० साली होते ते आजही तसूभर बदललेले नाहीत, आणि तासाभराच्या कामात त्यांच्याकडे पाहण्यास सवड उरत नाही.

या भागातील चालक आणि गॅरेजवाले यांच्या तोंडून ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांचा साकल्याने विचार करता माझे मत असे बनले आहे की, नवा सेट बसविल्यावर उद्भवणाऱ्या ध्वनिदोषांचे मूळ सेटमध्ये क्वचितच सापडते. ते बहुधा डॅशबोर्डमागच्या जोडकामात, म्हणजे पुरवठ्याच्या तारेत, अर्थिंगच्या स्क्रूत आणि हाताने पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेल्या सांध्यात असते. असे असता गाडीचा मालक प्रथम सेट बदलतो, मग स्पीकर बदलतो, मग अँप्लिफायर घेतो, आणि दोष जेथल्या तेथे राहतो. तपासाचा क्रम चुकल्यामुळे होणारा हा खर्च टाळता येण्याजोगा आहे, आणि दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरखेरीज त्याला फारसे साहित्य लागत नाही.

सर्वांत सोपा दोष म्हणजे संपूर्ण शांतता. सेटचा पडदा उजळला आहे पण आवाज नाही, अशा वेळी तारांना हात लावण्यापूर्वी सेटमधील बॅलन्स आणि फेडर मध्यावर आहेत की नाहीत हे पाहावे, कारण मागे स्पीकरच नसलेल्या गाडीत फेडर मागे सरकलेला असणे ही गोष्ट वाटते तितकी दुर्मीळ नाही. काही सेटना फोन आला असता आवाज बंद करणारी एक स्वतंत्र तार असते. ती मोकळी सोडावयाची असताना अर्थला चिकटली तर सेट कायमचा मूक होतो. स्वतंत्र अँप्लिफायर असल्यास निळी-पांढरी तार, जी त्याला जागे करण्याचा संदेश देते, ती जोडली आहे की नाही हे पाहावे. सेट मुळीच चालू होत नसेल तर फ्यूज पाहावा. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळून काम भागविण्याची जी प्रथा आहे तिच्याविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे की, फ्यूज सेटच्या रक्षणासाठी असतो त्याहून अधिक तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि कागद लावलेल्या गाडीत पुढचा शॉर्ट फ्यूजऐवजी तार जाळतो, तारेबरोबर गाडीही जळू शकते.

तारांच्या रंगांविषयी थोडा तपशील देणे जरूर आहे. बाजारातील सेटच्या मागे येणाऱ्या तारांचे रंग बहुतेक उत्पादकांनी सारखे ठेवले आहेत: पिवळी थेट बॅटरीची, तांबडी किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थची, निळी अँटेनाची, स्पीकरांपैकी पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि प्रत्येकाच्या ऋण तारेवर काळी रेघ. गाडीच्या बाजूच्या तारांना मात्र हा नियम लागू नाही. प्रत्येक कंपनीचा रंगांचा आणि कपलरचा हिशेब निराळा असतो. त्यामुळे रंगाला रंग जोडीत जाणारा कारागीर एका गाडीत यशस्वी होतो आणि दुसरीत फसतो. विशेषतः पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल झाली तर किल्ली काढताच सेट घड्याळ, स्टेशने, आवाजाची मांडणी सारे विसरतो. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत तर ठरावीक कपलरवरच या दोन जागा उलट असतात. दोन्ही तारा एकत्र करून बॅटरीला जोडण्याचा सोपा मार्ग पत्करला तर सेट रात्रभर जागा राहतो आणि चारदोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा सेल्फ लागत नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार मिळणारा कपलर मधे घातला की मूळ तारा कापाव्या लागत नाहीत. मूळ कपलर कापणे हा जोडकामातील सर्वांत मोठा अपराध आहे असे मी मानतो, कारण त्याने आजचे काम बिघडते इतकेच नव्हे, तर पुढील प्रत्येक कारागिराच्या हातातला दाखलाच नाहीसा होतो.

सेट वाजतो, परंतु आवाज वाढविला की बंद पडतो, ही तक्रार निराळ्या जातीची आहे. आजच्या सेटमधील अँप्लिफायर प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा स्वतः हलवितो; त्यांतली कोणतीही तार अर्थ नसते. जुन्या कमांडर जीप किंवा ओम्नी यांसारख्या गाड्यांत मात्र पूर्वीच्या एखाद्या कारागिराने स्पीकरांच्या ऋण तारा एकत्र करून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या आढळतात. त्या काळच्या साध्या टेपला ते चालत असे. तेथे नवा सेट जोडला की त्याची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि चारही स्पीकर एकदम गप्प बसतात. दरवाजातून जाणारी तार वर्षानुवर्षांच्या उघडझापीने रबरी नळीच्या आत सोलपटली असेल किंवा स्पीकरच्या स्क्रूखाली दबली असेल तरी हाच प्रकार घडतो. उपाय असा की चारही स्पीकर सुटे करावे आणि एकेक जोडीत जावे. ज्याच्या जोडणीने सेट पुन्हा मुका होईल तोच अपराधी. मल्टिमीटरवर ४ ओहमच्या चांगल्या स्पीकरचा रोध साधारण साडेतीन ओहमच्या आसपास दिसतो, आणि त्याच्या कोणत्याही तारेचा पत्र्याशी संबंध दिसता कामा नये. एकाच जोडीवर दोन स्पीकर समांतर लावले तर रोध निम्मा होतो, सेट तापतो, आणि घाटात दुपारच्या उन्हात नेमका बंद पडतो.

आता ज्या दोषाने सर्वाधिक लोक हैराण होतात त्याकडे वळू. गाडी उभी असता आवाज स्वच्छ असतो. इंजिन सुरू होताच पाठीमागे एक बारीक शिट्टी उमटते, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. ही शिट्टी अल्टरनेटरची. अल्टरनेटर तीन फेजची वीज निर्माण करतो आणि सहा डायोड तिला एकदिश करतात. तरीही त्या विजेवर बारीक लाटा शिल्लक राहतात. बारा ध्रुवांचा सामान्य अल्टरनेटर इंजिन मंद चालू असता मिनिटाला सुमारे २००० फेरे घेत असेल, तर या लाटा सेकंदाला १२०० च्या घरात भरतात, म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येणाऱ्या सुराइतक्या. वेग दुप्पट झाला की सूरही दुप्पट उंचीवर जातो. ही लाट प्रत्येक गाडीत असते. प्रश्न इतकाच की ती संगीताच्या वाटेत शिरली कोठून.

बहुतेक वेळा ती अर्थिंगच्या वाटेने शिरते. सेट दहा अँपिअर घेत असेल आणि त्याच्या काळ्या तारेच्या सांध्यात एक विसांश ओहम इतका नगण्य रोध असेल, तरी त्या सांध्यावर अर्धा व्होल्ट पडतो. आणि सेटकडून अँप्लिफायरकडे जाणारा संगीताचा संदेश हळू आवाजात याच्या कितीतरी पट लहान असतो. सेटचा अर्थ एका ठिकाणी, अँप्लिफायरचा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये असा फरक, तर तो फरक भरून काढण्यासाठी हा संदेश नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरील जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि अल्टरनेटरची लाट संगीतात मिसळते. डॅशबोर्डच्या आतील रंगविलेल्या पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकात बसविलेल्या एखाद्या स्क्रूवर अर्थ घेतल्याचे कितीतरी गाड्यांत दिसते. कित्येकदा काळी तार जवळजवळ निरुपयोगी असते आणि सेट आपला सारा प्रवाह अँटेनाच्या केबलच्या जाळीतून परत पाठवीत असतो. अँटेनाची पिन काढताच सेट मंदावला अगर बंद पडला तर हे निदान पक्के समजावे.

तपासाची रीत सोपी आहे. इंजिन व दिवे चालू ठेवून, सेट मोठ्या आवाजात वाजवीत, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास आणि दुसरे सेटच्या काळ्या तारेस लावावे. दाखला एक दशांश व्होल्टच्या खाली असला पाहिजे. अधिक असल्यास गाडीच्या मूळ पत्र्यावरची जागा निवडून, रंग खरवडून, चकाकता धातू दिसू लागल्यावर लग बोल्टने घट्ट आवळावा, दातेरी वॉशर घालावा आणि वर ग्रीस लावावे. अँप्लिफायर असेल तर त्याचा अर्थही याच इतमामाने, आखूड आणि जाड तारेने घ्यावा.

अर्थ निर्दोष असूनही शिट्टी राहिली तर एकेका घटकाची उलटतपासणी घ्यावी लागते. आवाजाचे बटण शून्यावर नेले असता शिट्टी नाहीशी होते की तशीच राहते? नाहीशी होत असेल तर ती बटणाच्या अलीकडे, म्हणजे मोबाइलच्या तारेतून, रेडिओतून किंवा सेटच्या पुरवठ्यातून येते. तशीच राहत असेल तर बटणाच्या पलीकडे, म्हणजे आरसीए केबल, अँप्लिफायर अगर स्पीकरच्या तारांत शोधावे. आरसीएच्या पिना अँप्लिफायरपासून काढल्यावर शिट्टी थांबली तर अँप्लिफायरची निर्दोष मुक्तता करावी. काही सेटच्या आत आरसीएच्या जाळीसाठी एक सूक्ष्म फ्यूज असतो आणि जोडणी करताना अर्थ निसटलेला असता आरसीए लावली गेली तर तो जळतो. मग सेट वाजत राहतो, पण शिट्टीसह. आरसीएच्या बाहेरील कड्यापासून सेटच्या धातूच्या पेटीपर्यंत तारेचा एक तुकडा टेकविला आणि शिट्टी गेली, तर हाच फ्यूज गेला असे समजावे. पुरवठ्याची जाड तार आणि आरसीए या दोन्ही गालिच्याखालून एकाच बाजूने नेण्याची सवयही सोडली पाहिजे. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून न्यावी.

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर एसीच्या खुणेवर ठेवून, इंजिन चालू असताना, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखला आला तर मात्र खुद्द अल्टरनेटरमधील एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी शिट्टी हा टेपचा रोग नसून गाडीच्या चार्जिंगचा असतो, आणि तो वेळीच कळला हा नव्या टेपचा उपकारच म्हटला पाहिजे.

शिट्टीहून वेगळा असा टकटक आवाज, जो इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होतो, तो ठिणगीचा. ईको, ओम्नी, अगर सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीत तो येऊ शकतो. डिझेलवरील बोलेरोत प्लगची ठिणगीच नसल्यामुळे तेथे त्याचा शोध घेणे व्यर्थ. सुमारे ५००० ओहमचा रोधक आत बसविलेले प्लग मिळतात. गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या त्या प्रकाराऐवजी बिनरोधकाचा स्वस्त प्लग घातला गेला असेल किंवा प्लगची तार तडकली असेल, तर दोष तेथे सापडतो. आणि अलीकडे सर्वांत अधिक उपद्रव देणारी वस्तू म्हणजे सिगारेट-लायटरच्या भोकात खुपसलेला स्वस्त मोबाइल चार्जर. मोबाइल चार्ज होत असताना तारेने टेपला जोडलेला असेल तर अर्थाचे एक वर्तुळ पूर्ण होते आणि चार्जरमधील जलद चालू-बंद होणाऱ्या विजेची किणकिण स्पीकरमध्ये उतरते. चार्जर उपसून पाहणे हीच परीक्षा. तो काढल्यावर आवाज स्वच्छ झाला तर चांगला चार्जर घ्यावा किंवा ब्लूटूथवर ऐकावे.

या शिट्टीवर नॉइज फिल्टर नावाची डबी विकली जाते आणि आरसीएच्या मधे घालण्याचा आयसोलेटरही मिळतो. दोहोंना स्थान आहे, पण ते अखेरचे. हलका आयसोलेटर खालचे सूर खातो. म्हणजे ज्याच्यासाठी बुफर घेतला तेच तो गिळतो. अर्थ न तपासता फिल्टर लावणारा कारागीर रोग न पाहता औषध देतो.

आवाज मोठा आहे पण पोकळ आहे, ढोलकीचा ठोका छातीत जाणवत नाही, गायकाचा आवाज कोठून येतो तेच कळत नाही, अशी जी अस्पष्ट तक्रार असते तिचे कारण बहुधा उलटी जोडणी हे असते. एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलटल्या की एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खालच्या सुरांच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. दीड व्होल्टचा साधा सेल सेटपासून सोडविलेल्या तारांना क्षणभर टेकवावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन तारेला लागले असेल तर पडदा बाहेर सरकतो. चारही स्पीकरांची ही परीक्षा पाच मिनिटांत होते, आणि तीत उत्तीर्ण झालेली साधी जोडीसुद्धा उलट्या लावलेल्या महागड्या जोडीपेक्षा भरदार वाजते. दरवाजाच्या पत्र्यात स्पीकर सैल बसला असेल, कडेने फट राहिली असेल, तरी खालचे सूर गळतात आणि पत्रा झणझणतो. तेथे जाड कडे घालून फट बुजवावी, आणि खिडकीची काच खाली येताना चुंबकावर आपटत नाही हे आधी पाहावे.

वॅटच्या आकड्यांनी फार लोकांची दिशाभूल होते. खोक्यावर ५० गुणिले ४ असे छापलेले असते. गाडीचा पुरवठा इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असतो, १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरमध्ये सेटच्या आतील अँप्लिफायर स्वच्छ तरंगाच्या रूपाने गणिताप्रमाणे फार तर २५-२६ वॅट देऊ शकतो आणि प्रत्यक्षात विशीच्या आसपास राहतो. अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने २००३ साली सीईए-२००६ नावाचे मानक ठरवून दिले, त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्का विकृती अशी मोजणीची अट आहे; विकत घेताना त्या मानकाचा आकडा विचारावा. आवाज पूर्ण चढविल्यावर जो फाटका, कर्कश स्वर येतो तो स्पीकरचा दोष नसून वीज संपल्याची खूण असते. अँप्लिफायरवरील गेन हा आवाजाचा खटका नव्हे. सेटकडून येणाऱ्या संदेशाशी अँप्लिफायरचे माप जुळविण्यासाठी तो आहे, आणि तो शेवटास नेऊन ठेवला की सुसाटा आणि शिट्टी दोन्ही वाढतात. अँप्लिफायरची तार थेट बॅटरीवरून घ्यावी, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा, आणि इंजिनाकडील पत्र्यातून ती आत नेताना रबरी ग्रॉमेट असावाच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त पडते, पण तितकाच प्रवाह नेण्यास ती अधिक जाड घ्यावी लागते.

रेडिओविषयी या प्रदेशाची अडचण खास आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत चालतात, मुंबईचे १००.७ आणि १०७.१ कसाऱ्याकडे क्षीण होत जातात आणि नाशिकचे १०१.४ घाटमाथ्याच्या अलीकडे नीट उतरत नाही. तेव्हा घाटातील खरखर ही पुष्कळदा सह्याद्रीची असते, सेटची नव्हे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यावरील सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या जागी तर मुद्दाम व्यवस्था केल्याखेरीज रेडिओलहर पोचतच नाही. परंतु शहापुरात जुना सेट जे स्टेशन स्पष्ट लावीत होता ते नवा लावीत नसेल, तर डोंगराला बोल लावू नये. बऱ्याच नव्या गाड्यांच्या छतावरील आखूड अँटेनात एक लहान वर्धक असतो, त्याला निळ्या तारेतून वीज द्यावी लागते, आणि ती तार लोंबकळत राहिली की अँटेना असून नसल्यासारखी होते. मध्यम लहरींवर, उदाहरणार्थ ५५८ किलोहर्ट्झच्या अस्मिता वाहिनीवर, रेल्वेच्या विद्युततारांजवळ खरखर वाढते. तिला गाडीत इलाज नाही.

पाऊस हा येथला दुसरा शत्रू. चार महिने दमट हवेत राहिलेला पीळ दिलेला सांधा आतून हिरवट गंजतो, आणि भादव्यात नीट वाजणारा टेप दिवाळीत तुटक वाजू लागतो. दरवाजाच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची छिद्रे चिखलाने बुजली तर कागदी पडद्याचा स्पीकर कुजतो. शेताकडेला उभ्या केलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. पाड्यांकडच्या खडबडीत वाटांवर सैल कपलर हलतात. खड्ड्यात आवाज जातो आणि पुढच्या खड्ड्यात येतो, ही सैल जोडणीची निर्विवाद साक्ष आहे. सोल्डर केलेला किंवा योग्य अवजाराने क्रिंप केलेला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढविलेला सांधा या साऱ्याला तोंड देतो. नुसती चिकटपट्टी उन्हाळ्यात पाघळते आणि पावसाळ्यात सुटते.

महामार्गावरील २४ व्होल्टच्या ट्रकांबाबत एकच सूचना. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घेऊन टेप चालविण्याचा प्रघात घातक आहे. एक बॅटरी सतत रिकामी होते, दुसरी जादा भरली जाते, आणि दोन्ही अकाली मरतात. २४ चे १२ करणारा चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर घ्यावा, आणि तो अँटेनापासून लांब बसवावा.

अलीकडच्या मोटारगाड्यांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. स्टिअरिंगवरची बटणे, मागे घेताना वाजणारी सूचना, दरवाजा उघडा असल्याची घंटा ही सारी माहिती कॅन नावाच्या दुपदरी तारेवरून संदेशरूपाने फिरते आणि काही गाड्यांत मूळ सेटच तिचा एक दुवा असतो. तो काढला की घंटा मुकी होते, किंवा किल्ली काढल्याचे नव्या सेटला कळतच नाही. येथे त्या मॉडेलचा डीकोडर घेणे एवढाच सरळ मार्ग आहे. कॅनच्या तारांवर टेस्ट-लॅम्प लावणे म्हणजे टेपपायी गाडीच्या इतर यंत्रणांना धोका पत्करणे होय. कंपनीचा स्वतंत्र अँप्लिफायर असलेल्या गाडीत मूळ सेट ठेवून त्याच्या पुढे काम करावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

स्वच्छ आवाज मोठा असावा लागत नाही, हेही या संदर्भात सांगितले पाहिजे. घाटाच्या वळणावर समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येणे हा उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर पाड्यावरून जाणाऱ्या गाडीच्या बुफरलाही ती लागू आहे.

गाडी ताब्यात घेणाऱ्या प्रत्येक मालक-चालकास माझी आग्रहाची विनंती आहे. गॅरेजमधून निघण्यापूर्वी इंजिन, दिवे, पंखा आणि वायपर एकदम चालू करून, चार्जर लावून, प्रथम अगदी हळू आणि मग मोठ्या आवाजात टेप ऐकावा. शिट्टी आली तर तेथेच अर्थ तपासून घ्यावा आणि तपासणीची जादा मजुरी बिनतक्रार द्यावी. काढलेला मूळ सेट आणि त्याचा कपलर घरी जपून ठेवावा. कोणती तार कोठे जोडली, अर्थ कोणत्या बोल्टवर घेतला, फ्यूज किती अँपिअरचा आहे, हे कारागिराकडून एका कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद गाडीच्या आरसी-विम्याच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.